जेट स्कीचा टॉप स्पीड वाढवायला इंजिनमध्ये नेमकं काय करतात? आणि शेवटचे दहा किलोमीटर सगळ्यात महाग का पडतात?

तारकर्ली, मालवण, अलिबाग नाहीतर गोव्याचा कळंगुट. किनाऱ्यावर गेलं की लाइफ जॅकेट चढवायचं, सोबतीला चालक घ्यायचा, लाटांवर एक चक्कर मारायची आणि पाच मिनिटांत वाळूवर परत. आपल्यापैकी बहुतेकांची जेट स्कीशी ओळख एवढीच असते. तेवढ्यातही वारा तोंडावर आपटतो आणि वाटतं, काय पळतेय ही!

पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात लोक स्वतःची जेट स्की विकत घेतात, ट्रेलरला जोडून सुट्टीच्या दिवशी तलावावर नेतात. तिथे काही जणांना वेगळाच नाद असतो. शोरूममधून तीनशे हॉर्सपॉवरची नवीकोरी मशीन आणायची आणि पहिली सर्व्हिसिंग व्हायच्या आत ती खोलायला घ्यायची. कशासाठी? तर ताशी १०८ किलोमीटरवर थांबणारा काटा १२०, १३० च्या पुढे न्यायला.

बाइकवाल्यांना वाटेल, त्यात काय? सायलेन्सर बदला, फिल्टर बदला, ट्यूनिंग करा, झालं. पण जेट स्की पाण्यावर चालते आणि पाणी रस्त्यासारखं वागत नाही. इथे नुसतं इंजिन तगडं करून स्पीड मिळत नाही. तो कसा मिळतो आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, तेच समजून घेऊ.

आधी ही मशीन आली कुठून?

आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो आणि फोटोकॉपीला झेरॉक्स, तसंच जेट स्कीचं झालंय. 'जेट स्की' हे कावासाकी कंपनीच्या मशीनचं नाव. यामाहाची ती वेव्हरनर आणि बॉम्बार्डियरची ती सी-डू. सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरायचा तर 'पर्सनल वॉटरक्राफ्ट'.

यामागची कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉस रेसरची. मातीत बाइक पळवणाऱ्या माणसाला पाण्यावर चालणारी बाइक हवी होती. त्याच्यासोबत काम करून कॅनडाच्या बॉम्बार्डियरने १९६८ मध्ये पहिली सी-डू आणली, पण ती फार चालली नाही. मग जेकबसन कावासाकीकडे गेला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहून चालवायची जेट स्की बाजारात आली. ती मात्र हिट झाली.

जुन्या मशीनमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असायचं. तेव्हाचं ट्यूनिंग म्हणजे सिलिंडरचं हेड घासायचं, कार्ब्युरेटर मोठा बसवायचा आणि एक्झॉस्ट पाइप बदलायचा. २००२ च्या सुमारास फोर-स्ट्रोक इंजिनं आली, पाठोपाठ सुपरचार्जर आले आणि सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हातात गेला.

तीनशे हॉर्सपॉवर असूनही १०८ लाच का थांबते?

आजच्या मोठ्या मशीनची इंजिनं बघा. सी-डूचं १६३० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन सुपरचार्जर लावून ३०० हॉर्सपॉवर देतं. कावासाकी अल्ट्राचं १४९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ३१० हॉर्सपॉवरपर्यंत गेलं. यामाहा १.८ लिटरचं इंजिन वापरते. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅक कारची ताकद ८० ते ९० हॉर्सपॉवर असते, हे लक्षात घेतलं की आकडा किती मोठा आहे ते कळतं.

तरीही या सगळ्या मशीन कंपनीतून येताना ताशी १०५ ते ११० किलोमीटरच्या आसपासच थांबतात. हा योगायोग नाही. अमेरिकेत कंपन्या आणि तिथलं कोस्ट गार्ड यांच्यात साधारण ६५ मैलांच्या वेगाची एक समजूत आहे आणि बड्या कंपन्या तिच्या आसपासच राहतात. म्हणजे मशीनची कुवत थोडी जास्त असते, पण कॉम्प्युटर तिला मुद्दाम आवरून धरतो. मॉडिफिकेशनवाल्यांचा पहिला डोळा असतो तो याच लगामावर.

पाण्याचं गणित

वेग वाढला की पाण्याचा विरोध वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो किती वाढतो, तिथे खरी मेख आहे. वेग दुप्पट झाला तर विरोध साधारण चौपट होतो आणि त्या विरोधाला तोंड द्यायला लागणारी ताकद जवळपास आठपट.

वेगात पळणारी जेट स्की पाण्यावर तरंगत नाही, ती पाण्यावरून घसरत जाते. त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज यायला पुरेसं आहे. ३०० हॉर्सपॉवरला १०८ चा वेग मिळतोय असं धरा. १२० गाठायचा तर साधारण ४१० हॉर्सपॉवर लागतील आणि १३० साठी ५२० च्या पुढे जावं लागेल. म्हणजे वेगात फक्त २० टक्के वाढ, पण ताकद पाऊणपट जास्त.

म्हणूनच पहिले पाच-सात किलोमीटर थोडक्या खर्चात मिळतात आणि शेवटच्या दहासाठी लोक अख्खं इंजिन नव्याने बांधतात.

खरा खेळ मागच्या पंपात

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं. आत साधारण सोळा सेंटीमीटर व्यासाचं, तिरक्या पात्यांचं एक चाक फिरत असतं. त्याला इम्पेलर म्हणतात. इम्पेलर पाणी मागे ढकलतो, त्याच्यामागची स्थिर पाती पाण्याचा भोवरा मोडून त्याला सरळ करतात आणि शेवटी निमुळत्या नॉझलमधून पाण्याचा फवारा सुटतो. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी लांब उडतं, तसंच.

मशीनला मिळणारा धक्का दोन गोष्टींवर ठरतो. दर सेकंदाला किती पाणी बाहेर पडतं आणि ते मशीनच्या वेगापेक्षा किती जास्त वेगाने पडतं. मशीन जसजशी वेग घेते तसा हा फरक कमी होत जातो आणि धक्काही घटतो. म्हणून इंजिनची ताकद वाढवली पण पंप तोच ठेवला, तर मोठा भाग नुसतं पाणी घुसळण्यात जातो.

त्यात जेट स्कीला गिअर नसतात. इंजिनचा शाफ्ट थेट इम्पेलर फिरवतो, त्यामुळे इम्पेलरच्या पात्यांचा तिरकेपणा म्हणजेच 'पिच' हाच तिचा गिअर. पिच जास्त ठेवली तर प्रत्येक फेऱ्यात जास्त पाणी ढकललं जातं, पण इंजिनवर ओझं येतं आणि त्याला पूर्ण आरपीएम गाठता येत नाही. पिच कमी ठेवली तर इंजिन पटकन वर चढतं आणि वरच्या मर्यादेला जाऊन आदळतं. चांगला ट्यूनर आधी बघतो की फुल थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमवर स्थिरावतंय आणि त्यावरून इम्पेलर निवडतो. नॉझलचंही तसंच. तोंड बारीक केलं तर टॉप स्पीड वाढू शकतो, पण उडी मंदावते.

इथे आणखी एक शत्रू दबा धरून बसलेला असतो, तो म्हणजे कॅव्हिटेशन. पातं फार वेगाने फिरलं की त्याच्या एका बाजूला दाब इतका कमी होतो की पाणी न तापताच उकळतं आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे फुटताना धातूवर बारीक हातोडीसारखे घाव घालतात आणि पात्यांवर खड्डे पडतात. इंजिन ओरडतंय, आरपीएम वाढतोय, पण मशीन पुढे जात नाही, असं झालं की अनेकदा कारण हेच असतं. जाळी किंवा पंपाच्या जोडातून हवा आत शिरली तरी लक्षणं अशीच दिसतात.

लॅपटॉप लावून केलेलं ट्यूनिंग

पंपानंतर नंबर लागतो इसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, थ्रॉटल किती उघडू द्यायचा आणि किती आरपीएमला हात आखडता घ्यायचा, हे सगळं तोच ठरवतो. ट्यूनर लॅपटॉप जोडून ही माहिती नव्याने भरतो. त्यालाच 'रीफ्लॅश' म्हणतात.

याचं सोपं उदाहरण म्हणजे सी-डूची छोटी स्पार्क. तिचं सुमारे ९०० सीसीचं इंजिन ६० आणि ९० अशा दोन हॉर्सपॉवरमध्ये विकलं गेलं. इंजिन एकच, मुख्य फरक कॉम्प्युटरच्या मर्यादेचा. साहजिकच स्पार्क ही हौशी ट्यूनरची लाडकी मशीन झाली.

पण कंपनीने ठेवलेली मर्यादा प्रत्येक वेळी निव्वळ कायद्यासाठी नसते. उन्हाळ्यात तापलेली हवा, हलकं पेट्रोल, अर्धवट तुंबलेली कूलिंगची नळी अशा दिवशीही इंजिन वाचावं म्हणून थोडी जागा राखून ठेवलेली असते. रीफ्लॅश करताना हीच राखीव जागा खर्च होते.

हवा, इंधन आणि उष्णता

इंजिनची ताकद वाढवायची म्हणजे त्याच्या पोटात जास्त हवा भरायची आणि त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल द्यायचं. सुपरचार्जर हेच करतो. इंजिनच्याच जोरावर फिरणारा हा पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. मोठं चाक बसवलं की दाब वाढतो.

दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच इथे प्रचंड प्रमाणात होतं. तापलेली हवा विरळ असते आणि तिच्यामुळे पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ शकतं. म्हणून सुपरचार्जरच्या पुढे हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो. ताकद वाढवली की इंटरकूलरही मोठा घ्यावा लागतो, त्यापाठोपाठ इंजेक्टर, मग पेट्रोलचा पंप. एक बदल पुढच्या तीन बदलांना घरी बोलावतो.

पेट्रोल पुरेसं वाढवलं नाही तर काय होतं? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण दाबाखाली चालणाऱ्या इंजिनला मात्र मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, साधारण १२ किलो हवेमागे एक किलो, कारण ते जादा पेट्रोल आतून थंडावा देतं. ते कमी पडलं की सिलिंडरमध्ये स्फोट अवेळी होऊ लागतात. याला डिटोनेशन म्हणतात. काही सेकंदांत पिस्टनच्या टोकाला भोक पडू शकतं.

कार किंवा बाइकमध्ये हा धोका थोडा कमी असतो, कारण रस्त्यावर फुल थ्रॉटल क्वचितच मिळतो. मध्ये उतार येतो, सिग्नल येतो, गिअर बदलतो. जेट स्कीला यातलं काहीच नाही. पाणी सतत मागे ओढत असतं आणि इंजिन मिनिटामागून मिनिटं आठ हजार आरपीएमच्या आसपास पूर्ण ओझ्याखाली धावत असतं. सतत घाटच चढणाऱ्या गाडीसारखी तिची गत असते.

म्हणूनच जास्त दाब द्यायचा ठरला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बदलून घडीव पोलादाचे किंवा मजबूत मिश्रधातूचे घालावे लागतात. इथपर्यंत पोहोचलेल्या माणसाने अनेकदा मशीनच्या किमतीच्या तोडीचा पैसा ओतलेला असतो. वॉरंटी तर रीफ्लॅशच्या वेळीच गेलेली असते. शिवाय अमेरिकेत प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेत फेरफार करणं हा क्लीन एअर ॲक्टचा भंग ठरतो. त्यामुळे असे बरेच सुटे भाग 'फक्त रेससाठी' असं लिहूनच विकले जातात.

स्पीड वाढला, ब्रेकचं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पारंपरिक जेट स्कीला ब्रेकच नसतो. थ्रॉटल सोडला की पाणी हळूहळू तिला थांबवतं. त्याहून वाईट म्हणजे, थ्रॉटल सोडला की तिचं वळणंही जवळजवळ बंद होतं. हँडल फिरवलं की मागचा फवारा डावीउजवीकडे वळतो आणि त्यामुळे मशीन वळते. फवाराच थांबला तर हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाणार. समोर कोणी आलं की घाबरलेला माणूस आधी थ्रॉटल सोडतो आणि तिथेच घात होतो.

सी-डूने २००९ मध्ये ब्रेकसारखी यंत्रणा आणली. पुढे यामाहानेही आपली आणली. दोन्हीत फवारा उलटा वळवून वेग कमी करतात. पण ही यंत्रणा कंपनीच्या वेगाचा हिशेब धरून बनवलेली असते.

ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर मशीन ३० मीटर पुढे गेलेली असते. १३० ला हेच अंतर ३६ मीटर. त्यात टक्कर झालीच तर १०८ च्या तुलनेत १३० ला आदळण्याची ऊर्जा साधारण ४५ टक्के जास्त असते. या वेगाला पाणी मऊ राहत नाही. खाली पडलेला माणूस पाण्यात बुडण्याआधी त्यावर दगडासारखा आपटत जातो.

मागे बसणाऱ्याचा धोका तर वेगळाच आहे. अचानक वेग घेतल्यावर तो मागे पडला तर थेट फवाऱ्यासमोर येतो. जोराने येणारं पाणी शरीराच्या आत घुसून गंभीर इजा करू शकतं. म्हणूनच मशीनवरच्या सूचनेत साध्या चड्डीऐवजी वेटसूटची जाड पँट घालायला सांगितलेलं असतं. ही सूचना कंपनीच्याच ताकदीसाठी आहे. वाढवलेल्या ताकदीला ती दुप्पट लागू होते. मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरीही त्यासाठीच. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं.

आपल्या किनाऱ्यावर हे चालेल का?

वेगाची चाचणी कुठे घ्यायची, हा प्रश्न आपल्याकडे फार गंभीर आहे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. ती जेट स्की नव्हती आणि चालवणारे हौशीही नव्हते. तरीही गर्दीच्या पाण्यात वेग हाताबाहेर गेला की काय होतं, ते त्या दुपारी सगळ्यांनी पाहिलं. जिथे मच्छीमारांच्या होड्या, जाळी, प्रवासी बोटी आणि पोहणारी मुलं एकाच पट्ट्यात असतात, तिथे १३० चा आकडा गाठायला जागाच नाही. परदेशात यासाठी रेस असतात. आंतरराष्ट्रीय संघटना आयजेएसबीएने अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या लेक हवासूवर वर्षानुवर्षं जागतिक स्पर्धा भरवल्या. तिथे वेगळा मार्ग आखलेला असतो आणि बचाव पथक तयार असतं.

दुसरी अडचण पेट्रोलची. सुपरचार्जर लावलेल्या इंजिनला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल मोठ्या शहरांत मिळतं, किनाऱ्यावरच्या गावात मिळेलच असं नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल पाणी शोषून घेतं. समुद्रावर उभ्या असणाऱ्या मशीनच्या टाकीत हे नकोच असतं.

मग स्पीड वाढवायचाच नाही का?

वाढवता येतो आणि त्यासाठी इंजिनला हातही लावावा लागत नाही. बऱ्याच जुन्या मशीनचा स्पीड मुळात हरवलेला असतो, तो परत मिळवायचा.

इम्पेलर आणि त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगमध्ये मिलिमीटरहूनही कमी फट असते. वाळू, शंख-शिंपले, बारीक खडे आत ओढले गेले की ही रिंग झिजते, फट वाढते आणि पाणी मागे गळतं. कोकणासारख्या वाळूच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात मशीन सुरू करणाऱ्यांची रिंग लवकर जाते. रिंग बदलली आणि पात्यांच्या कडा सरळ केल्या की गेलेला वेग बऱ्यापैकी परत येतो.

तळ स्वच्छ ठेवा, शेवाळ आणि शिंपले चढू देऊ नका. आत साचलेलं पाणी काढा, नको असलेलं सामान उतरवा. मागच्या नॉझलचा कोन किंचित वर केला की नाक उचललं जातं आणि तळाचा कमी भाग पाण्याला घासतो. फार उचललं तर मशीन बेडकासारखी उड्या मारू लागते, तेव्हा थोडं खाली आणायचं. आणि वेग मोजताना डॅशबोर्डवर भरवसा न ठेवता जीपीएस बघा. बऱ्याचदा डॅशबोर्डचा काटा उदार असतो.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं. त्याचा क्रम नीट लक्षात ठेवा. आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन बंद. उलटं केलं तर एक्झॉस्टमधून पाणी इंजिनमध्ये शिरू शकतं आणि हजारो रुपयांचं काम निघतं.

इतकं सगळं करूनही कोणाला इंजिन खोलायचंच असेल, तर अनुभवी ट्यूनर हाच क्रम पाळतात. आधी पंप नीट करायचा, मग थंडावा आणि इंधन वाढवायचं, ताकदीचा नंबर सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या मशीन ट्रेलरवर पडून असतात आणि त्यांच्या हातात भोक पडलेला पिस्टन असतो.